दिल्लीहून देवगिरीस निघालेलीं बिऱ्हाडें

लहान मुलांना बरोबर घेऊन मोठ्या शहरास जावयाचें ठरलें, कीं घरांत आठ दिवस अगोदर गडबड उडते. धाकट्याचें दूध वाटेंत कोठें मिळेल, मधल्याला गाडी लागते त्याला काय द्यावें, आजोबांना एवढी दगदग सोसेल कीं नाहीं, शिदोरी किती दिवस टिकेल, तेथें पोहोंचल्यावर उतरावयाचें कोणाकडे, असे नाना प्रश्न एकदम उभे राहतात. कर्ता पुरुष अंतर आणि भाडें मोजतो. घरांतील बाई मुलांचीं पोटें आणि पावलें मोजते. ह्या दोन मोजण्यांचा मेळ क्वचितच बसतो, आणि प्रवास सुखाचा झाला कीं दुःखाचा, हें बहुधा दुसऱ्या मोजणीवरच ठरतें.

हिंदुस्थानच्या इतिहासांत एका सुलतानानें पहिली मोजणी मोठ्या हुशारीनें केली आणि दुसरी करावयाची तो विसरला. महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी दौलताबादेस नेली, ही गोष्ट शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तिच्यावरून लहरी माणसाला ‘तुघलकी’ म्हणण्याची चालही पडली आहे. परंतु ती गोष्ट नेहमीं सुलतानाच्या बाजूनें सांगितली जाते. ज्या बिऱ्हाडांना आपलें घर, अंगण आणि विहीर सोडून, म्हातारीं माणसें व कडेवरचीं पोरें सांभाळीत, विंध्य आणि सातपुडा ओलांडून यावें लागलें, त्यांच्या बाजूनें ती क्वचितच ऐकावयास मिळते. ती ऐकावयाची तर दौलताबादच्या किल्ल्यापाशीं थांबून चालत नाहीं. तेथून घाट चढून खुलताबादेस जावें लागतें.

छत्रपती संभाजीनगरहून वेरुळास जाणारा रस्ता दौलताबादच्या किल्ल्याजवळून घाटाला लागतो, आणि घाटाच्या माथ्यावर खुलताबाद हें गांव येतें. येथील भद्रा मारुतीची निजलेली मूर्ति पाहण्यासाठीं दूरदूरचे भाविक लोटतात. औरंगजेब बादशहाची साधी, उघड्यावरची कबरही येथेंच आहे. तो १७०७ सालीं अहमदनगरास वारला. मरणोत्तर त्यास ‘खुल्द-मकान’ अशी पदवी देण्यांत आली आणि तीवरून गांवास हें नांव पडलें. त्याच्यापूर्वीं कित्येक शतकें ह्या गांवाचें नांव ‘रौझा’ असें होतें. बादशहानें आपली कबर येथें असावी अशी इच्छा केली, ती येथें अगोदरच निजलेल्या एका सत्पुरुषाच्या शेजारासाठीं. ते सत्पुरुष म्हणजे झैनुद्दीन शिराझी. ते आणि त्यांचे गुरु बुऱ्हाणुद्दीन गरीब हे दोघेही दिल्लीहून आलेले. रौझा हें गांव नांवारूपास आलें तें दिल्ली सोडून आलेल्या माणसांच्या थडग्यांमुळें, आणि म्हणून त्या प्रवासाचा खरा हिशेब येथें सांपडतो.

महंमद तुघलक १३२५ सालीं तख्तावर बसला. देवगिरीच्या यादवांचें राज्य १३१८ पर्यंत पुरतें लयास गेलें होतें, आणि वरंगळ तर त्यानें स्वतःच राजपुत्र असतांना १३२३ मध्यें घेतलें होतें. दक्षिण जिंकणें दिल्लीकरांना कठीण गेलें नाहीं. ती राखणें कठीण होतें. सेना पाठ फिरवून उत्तरेस गेली, कीं इकडचा अधिकारी स्वतंत्र होऊं पाही. सुलतानाचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प हा सागर येथें अधिकारावर होता. त्यानेंच १३२६ च्या सुमारास बंड उभारलें. तेव्हां सुलतानानें विचार केला, कीं राजधानीच दक्षिणेच्या दारांत आणून ठेवावी. त्याच्या दरबारांत पुढें अनेक वर्षें वावरलेला इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो, कीं देवगिरी हें राज्याच्या मधोमध आहे आणि दिल्ली, गुजराथ, बंगाल, तेलंगण, द्वारसमुद्र हीं सर्व तेथून जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत, असा सुलतानाचा हिशेब होता. चाकाच्या आंसाप्रमाणें राजधानी मध्यभागीं असावी, हा विचार मूर्खाचा खास नव्हता. शिवाय देवगिरीचा डोंगर चोहोंकडून तासलेला, भोंवतीं खंदक, आणि वर जाण्यास अंधाऱ्या भुयाराची वाट. असा किल्ला साऱ्या हिंदुस्थानांत दुसरा नव्हता. देवगिरीचें नांव बदलून ‘दौलताबाद’ ठेवण्यांत आलें.

तयारीही कमी नव्हती. पंधराव्या शतकांतील इतिहासकार याह्या सरहिंदी याच्या वृत्तांतावरून हें स्थलांतर दोन वेळां झालें. प्रथम १३२७ च्या सुमारास सुलतानाची आई मखदूमा-इ-जहान हिच्याबरोबर उमराव, खजिना, हत्ती आणि घोडे निघाले. त्यानंतर दोनएक वर्षांनीं दिल्लीच्या इतर रहिवाशांस हलविण्यांत आलें. मुक्कामामुक्कामावर उतरण्याची सोय केली होती, आणि सोडलेल्या घरांचा मोबदलाही सरकारांतून दिला होता. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता ह्याच रस्त्यानें पुढें गेला. तो सांगतो, कीं रस्त्याच्या दोन्ही बाजूंस इतकीं झाडें लावलेलीं आहेत कीं वाटसरूस बागेंतून चालल्यासारखें वाटतें, आणि थोड्याथोड्या अंतरावर डाकेच्या चौक्या आहेत. म्हणजे सावली होती, ठाणीं होतीं आणि पैसा होता. मग उणें काय पडलें?

उणें पडलें तें दुसऱ्या मोजणींत. इब्न बतूता दिल्ली ते दौलताबाद हें अंतर चाळीस दिवसांचें म्हणून सांगतो. आजच्या मापानें तें अकराशें किलोमीटरांहून अधिक भरतें. म्हणजे चाळीस दिवसांत तें काटावयाचें तर दररोज सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर चाललें पाहिजे. घोडेस्वाराला आणि हलक्या फौजेला हें साधतें. परंतु बिऱ्हाडाचें मान निराळें. भरलेली बैलगाडी दिवसाकाठीं पंधरा-सोळा किलोमीटर गेली म्हणजे बैलांनीं पुष्कळ केलें. त्या हिशेबानें चाळिसांचे सत्तर दिवस होतात. गाडींत एखादें तापानें फणफणलेलें मूल असलें, एखादी नुकतीच बाळंत झालेली बाई असली, वाटेंत चंबळेला किंवा नर्मदेला पाणी चढलेलें असलें, तर सत्तरांचे किती होतील याला कांहीं मर्यादा नाहीं. सुलतानानें अंतरें मोजलीं तीं स्वाराच्या दिवसांनीं; लोकांना तीं चालावीं लागलीं मुलांच्या पावलांनीं.

म्हाताऱ्यांची गोष्ट तर ह्याहून करुण होती. ह्या प्रवासाची एका घरांतील हकीगत त्याच घरच्या मुलानें लिहून ठेवली आहे, आणि तिच्याइतकी जवळून पाहिलेली साक्ष दुसरी नाहीं. त्या मुलाचें नांव इसामी. दिल्ली सोडतांना तो सोळा वर्षांचा होता. त्याचे आजोबा नव्वदीला टेकलेले; ते बहुतेक घरांतच बसून असत. हुकुमाप्रमाणें त्यांनाही घराबाहेर काढण्यांत आलें. दिल्लीच्या दक्षिणेस तिलपत नांवाचें ठिकाण आहे. तो प्रवासाचा पहिलाच मुक्काम. त्या पहिल्याच मुक्कामावर आजोबांनीं प्राण सोडला. त्यांना तेथेंच माती देऊन नातू पुढें निघाला. ज्या घरांतून वडीलधारें माणूस असें पहिल्याच दिवशीं गेलें, त्या घराला पुढचा रस्ता झाडांच्या सावलींतून जातो कीं उन्हांतून, ह्याचें काय वाटणार?

इसामीनें पुढें १३५० सालीं दक्षिणेंतच ‘फुतूह-उस्-सलातीन’ हा मोठा पद्य इतिहास पुरा केला. त्यांत तो सुलतानाला मुळींच क्षमा करीत नाहीं. लोकांच्या सहा टोळ्या करून त्यांना हांकलण्यांत आलें, दिल्ली ओस पडली आणि निघालेल्यांपैकीं दहावा हिस्साच पोहोंचला, असें तो लिहितो. बरनीही दिल्ली इतकी उजाड झाल्याचें सांगतो, कीं तेथें कुत्रें-मांजरही उरलें नाहीं. इब्न बतूता तर ह्या दोघांपुढें जातो. दिल्लींत मागें राहिलेल्या एका आंधळ्यास दौलताबादेपर्यंत फरफटत नेण्याची आज्ञा झाली आणि त्याचा केवळ पाय तेवढा पोहोंचला, अशी कथा त्यानें दिली आहे.

ह्या साक्षींना पारखून घेतलें पाहिजे. इब्न बतूता दिल्लीस आला १३३४ सालीं. म्हणजे स्थलांतर होऊन पांचसहा वर्षें लोटल्यावर. आंधळ्याची कथा त्यानें बाजारांत ऐकलेली आहे, पाहिलेली नाहीं. इसामीनें आपला ग्रंथ लिहिला तो सुलतानाविरुद्ध बंड करून स्वतंत्र झालेल्या बहमनी राजाच्या आश्रयानें. शिवाय आजोबांच्या मरणाचें दुःख त्याच्या लेखणींत उतरलें असल्यास नवल नाहीं. उलट पक्षीं, दिल्लीच्या परिसरांत नारायणा आणि सरबन येथें १३२७ व १३२८ सालचे दोन संस्कृत शिलालेख सांपडले आहेत. त्यांत विहिरी खोदल्याचा उल्लेख आहे आणि राजा म्हणून ह्याच सुलतानाचा गौरव आहे. गांव ओस पडलें असतें तर विहीर कोणीं खोदली असती? महंमद तुघलकावर १९३८ सालीं ग्रंथ लिहिणारे इतिहाससंशोधक महदी हुसेन यांनीं ह्या शिलालेखांच्या आधारें असें प्रतिपादन केलें, कीं सगळी दिल्ली हलविली नाहीं; हलले ते मुख्यतः उमराव, लष्करी व कारकुनी पेशाचे लोक, काझी, विद्वान, सूफी आणि त्यांचा परिवार. आज पुष्कळ अभ्यासक हेंच मत ग्राह्य मानतात.

हें मत मान्य केलें तरी बिऱ्हाडांचें दुःख कमी होत नाहीं. सारें शहर निघालें असतें तर निदान सर्वांचा सारखा भोग असें म्हणतां आलें असतें. येथें शेजारचें घर राहिलें आणि आपलें निघालें. बरनी, जो सुलतानाच्या औदार्याचें वर्णन करावयास चुकत नाहीं, तोही सांगतो, कीं वाटेंत आणि पोहोंचल्यावर सुलतानानें लोकांना भरपूर दिलें, परंतु पिढ्यान् पिढ्या एका जागीं वाढलेल्या त्या नाजूक माणसांना परमुलखाची हवा आणि घरची आठवण सोसली नाहीं. कितीक वाटेंतच गेलीं, आणि देवगिरीच्या भोंवतीं नवीं कबरस्तानें उभीं राहिलीं.

आलेल्या बिऱ्हाडांपुढें जें नवें शहर उभें राहत होतें, तें मात्र डोळे दिपविणारें असावें. दमास्कसचा ग्रंथकार अल्-उमरी यानें हिंदुस्थानांतून आलेल्या प्रवाशांकडून ऐकून त्याचें वर्णन लिहून ठेवलें आहे. शहराचे पेशावार मोहल्ले आंखले होते: लष्कराचा एक, वजीर व कारकुनांचा एक, काझी व विद्वानांचा एक, शेख व फकिरांचा एक, व्यापारी व कारागिरांचा एक. प्रत्येक मोहल्ल्यांत मशिदी, बाजार, न्हाणीघरें, दळण दळण्याच्या चक्क्या आणि भट्ट्या अशी सर्व सोय होती, म्हणजे एका मोहल्ल्याचें दुसऱ्यावांचून अडूं नये. आजच्या नगररचनाकारांनींही मान डोलवावी अशी ही योजना होती. मुलांना घेऊन नव्या शहरांत उतरणाऱ्या आईला पीठ, पाणी आणि बाजार दाराशीं मिळावे, ह्याहून अधिक काय हवें?

बतूतानें पुढें पाहिलेल्या दौलताबादेंत द्राक्षें आणि डाळिंबें वर्षांतून दोनदां पिकत. भोंवतालचे मराठे लोक भात, भाजी आणि तिळाचें तेल खाऊन राहतात, स्नानाविषयीं फार दक्ष असतात, आणि सात पिढ्यांच्या आंतील नात्यांत सोयरीक करीत नाहींत, असें त्यानें नमूद केलें आहे. दिल्लीच्या मुलांना हा मुलूख किती नवा वाटला असेल! हा मुलूख आणि त्याची भाषा मात्र नवी नव्हती. येथून फार दूर नसलेल्या नेवाशास ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, ती देवगिरीच्या रामदेवरायाच्याच राज्यांत. दिल्लीचीं बिऱ्हाडें येथें उतरलीं तेव्हां त्या गोष्टीला चाळीस वर्षेंही झालीं नव्हतीं.

ह्या बिऱ्हाडांपैकीं एका घराची हकीगत पुढें थेट सत्तर वर्षांपर्यंत धरतां येते. दिल्लींतील सय्यद यूसुफ हुसेनी हे निझामुद्दीन औलियांच्या परंपरेंतील एक धार्मिक वृत्तीचे गृहस्थ. १३२८ सालीं ते पत्नी आणि मुलांसह दौलताबादेस निघाले. धाकटा मुलगा महंमद हा १३२१ सालीं जन्मलेला, म्हणजे त्या वेळीं अवघा सात वर्षांचा. कडेवर घेण्याच्या वयापलीकडे गेलेला आणि मजल मारण्याच्या वयाला न पोहोंचलेला, असा हा मुलगा. प्रवासांत सर्वांत अवघड वय हेंच. ह्या मुलाला पुढें सारी दक्षिण ‘गेसुदराज’ आणि ‘बंदेनवाज’ ह्या नांवांनीं ओळखूं लागली. परंतु त्या वेळीं तो चिश्ती सत्पुरुष नव्हता, आईबापांमागून येणारें एक पोर होतें.

त्याच सुमारास दिल्लीचे इतरही थोर लोक आले. बुऱ्हाणुद्दीन गरीब हे तर सत्तरी उलटलेले. निझामुद्दीनांचीं प्रवचनें टिपून ‘फवाइद-उल्-फुआद’ हा ग्रंथ सिद्ध करणारा, अमीर खुस्रोचा मित्र, कवि अमीर हसन हाही आला. झैनुद्दीन शिराझी तेव्हां ऐन उमेदीच्या वयांत होते. ह्यांपैकीं कोणीही राज्य करावयास आला नव्हता. राजाच्या हुकुमानें त्यांचें घर हललें आणि तीं माणसें हललीं. अमीर हसन १३३६ च्या सुमारास वारला. बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्यें. झैनुद्दीन १३६९ मध्यें. तिघांनाही रौझ्याच्या पठारावर विश्रांति मिळाली.

सय्यद यूसुफ ह्या सर्वांच्या अगोदर गेले. दौलताबादेस येऊन पुरतीं तीन वर्षेंही झालीं नसतील, तोंच १३३१ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांनाही घाट चढवून रौझ्यास नेण्यांत आलें. ‘राजू कत्ताल’ ह्या नांवानें त्यांचा दर्गा खुलताबादेस आजही आहे. धाकटा महंमद त्या वेळीं दहा वर्षांचा होता. पिठाची चक्की दाराशीं होती, न्हाणीघर मोहल्ल्यांत होतें, परंतु घरचा आधार परक्या मुलखांत मातीआड झाला. शहराच्या आंखणींत ह्या गोष्टीची तरतूद कोठून असणार!

इकडे सुलतानाच्याही मनांतील उत्साह ओसरत चालला होता. दक्षिणेंतील मोहिमेंत त्याच्या सैन्यांत सांथ शिरली, तो स्वतः आजारी पडला, आणि १३३५ च्या सुमारास दौलताबादेवरून परत जातांना त्यानें दिल्लीच्या लोकांस परत जाण्याची मुभा दिली. बरनी सांगतो, कीं दोन-तीन तांडे दिल्लीकडे निघाले. त्याच परतीच्या वाटेवर माळव्यांत दुष्काळ पडलेला सुलतानाला दिसला. डाकेच्या चौक्या उठून गेल्या होत्या आणि वाटेवरील गांवें उजाड झालीं होतीं. ज्या रस्त्यावर इतकीं झाडें आणि इतकीं ठाणीं होतीं, त्याची आठ वर्षांतच ही स्थिति झाली.

ह्याच दिवसांत सय्यद यूसुफांच्या विधवेनें आपला निर्णय घेतला. तिचा भाऊ दौलताबादेस मोठ्या अधिकारावर होता; परंतु भावाशीं तिचें पटेनासें झालें, असें चरित्रकार सांगतात. सुमारें १३३५-३६ मध्यें ती आपल्या मुलांना घेऊन दिल्लीस परत निघाली. महंमद आतां पंधरा वर्षांचा झाला होता. येतांना सुलतानाचा हुकूम होता, सरकारी सोय होती आणि घरधनी बरोबर होता. जातांना ह्यांतलें कांहींच नव्हतें. होती ती दुष्काळाची वाट आणि मागें रौझ्यास राहिलेली कबर. सुलतानाच्या धाडसाविषयीं इतिहासकारांनीं पानेंच्या पानें लिहिलीं आहेत. ह्या बाईच्या धाडसाला एक ओळ मिळाली आहे. तरी तुलना केली तर कोणतें मोठें ठरेल, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.

परंतु सगळेच परतले नाहींत. बरनीनें येथें एक साधी गोष्ट नोंदविली आहे, आणि ती साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे: ज्यांना मराठी मुलूख मानवला, ते आपल्या बायकामुलांसह तेथेंच राहिले. त्यांनीं कां रहावें, ह्याचें उत्तर शोधावयास राजकारणांत शिरण्याची गरज नाहीं. ज्या घरांत सात वर्षांपूर्वीं तान्हें मूल आणलें गेलें, त्या घरांत आतां सात वर्षांचा मुलगा होता. त्याला दिल्ली आठवत नव्हती. त्याचे सवंगडी येथले, त्याची विहीर येथली, त्याच्या जिभेला चव लागली ती येथल्या डाळिंबांची. ज्याच्यासाठीं येतांना सर्वांत अधिक काळजी वाहिली, तेंच मूल आतां परत जाऊं देईना. मोठीं माणसें हुकुमानें येतात आणि हुकुमानें परतूं शकतात. मुलें मात्र जेथें वाढतात तेथलींच होतात.

ह्याचें राजकीय फळ सुलतानाला लवकरच मिळालें. दक्षिण दिल्लीला जखडून ठेवण्यासाठीं त्यानें हीं घराणीं येथें आणलीं. १३४७ सालीं दक्षिणेंतील अमीरांनीं दिल्लीचें जूं झुगारून दिलें, आणि त्याच वर्षीं दौलताबादेस अलाउद्दीन हसन बहमनशहास राज्याभिषेक झाला. १३२८ मध्यें सात वर्षांचें असलेलें मूल १३४७ मध्यें सव्वीस वर्षांचा तरुण होतें. त्या तरुणांना दिल्ली म्हणजे वडिलांच्या तोंडून ऐकलेलें एक दूरचें शहर होतें. तिच्यासाठीं तरवार कोण उपसणार? महंमद तुघलक १३५१ मध्यें सिंधमध्यें वारला, तेव्हां दक्षिण त्याच्या हातून कायमची गेली होती.

आणि तो सय्यद महंमद? दिल्लींत तो नसीरुद्दीन ‘चिराग-इ-दिल्ली’ यांचा शिष्य झाला आणि पुढें स्वतः गुरुपदास पोहोंचला. साठांहून अधिक वर्षें गेलीं. १३९८ च्या हिवाळ्यांत तैमूरलंगाच्या फौजा दिल्लीच्या रोखानें आल्या. सत्याहत्तर वर्षांच्या ह्या वृद्धानें कुटुंबकबिल्यासह दिल्ली पुन्हां एकदां सोडली. सातव्या वर्षीं जो रस्ता त्यानें वडिलांच्या मागून काटला होता, त्याच दिशेला तो आतां घरांतील सर्वांत वडील माणूस म्हणून निघाला. ह्या वेळीं कोणाचा हुकूम नव्हता. मुलामाणसांचा जीव वांचविणें एवढाच हेतु होता. ग्वाल्हेर, गुजराथ असा वळसा घेत तो दक्षिणेंत आला आणि दौलताबादेस पोहोंचला. तेथून तो घाट चढून रौझ्यास आपल्या वडिलांच्या कबरीपाशीं गेला. वडिलांना माती दिली त्यास तेव्हां सत्तर वर्षें होत आलीं होतीं. दहा वर्षांचा असतांना जेथें तो उभा राहिला असेल, तेथेंच तो पांढऱ्या दाढीनें उभा राहिला. पुढें फिरोजशहा बहमनीच्या बोलावण्यावरून तो गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस गेला, आणि तेथेंच १४२२ सालीं शंभरी गांठून निवर्तला.

बुऱ्हाणुद्दीनांच्या नांवानें तापीकांठीं बुऱ्हाणपूर वसलें, आणि समोरच्या तीरावर झैनुद्दीनांच्या नांवानें झैनाबाद. राजधानी म्हणून दौलताबादेचा उपयोग थोडींच वर्षें झाला, परंतु तिच्याकडे निघालेल्या माणसांचीं नांवें अशीं नकाशावर राहून गेलीं.

एक खूण मात्र नकाशावर दाखवितां येत नाहीं. ती कानानें ओळखावी लागते. उत्तरेकडून आलेल्या ह्या घराण्यांच्या बोलींतून दक्षिणेंत ‘दखनी’ भाषा घडत गेली. तिच्यांत नकार दाखविणारा शब्द आहे ‘नक्को’, आणि एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा झाला तर त्याच्या शेवटीं ‘च’ येतो. हे दोन्ही मराठीचे. ‘नको’ हा शब्द पंडित दरबारांत शिकत नाहींत. तो अंगणांत, खेळतांना, एका मुलाच्या तोंडून दुसऱ्या मुलाच्या तोंडीं जातो. दिल्लीच्या कोणत्या मुलानें तो प्रथम उचलला आणि घरीं येऊन आईला ऐकविला, हें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं. पण त्या दिवशीं त्या आईच्या ध्यानांत आलें असेल, कीं आपला प्रवास आतां संपला आहे.

आज दिल्लीहून संभाजीनगरास येणें हें आगगाडीच्या सुमारें एका अहोरात्रीचें काम आहे. सुटीच्या दिवशीं मुलाबाळांनीं भरलेल्या मोटारी दौलताबादचा किल्ला पाहून वेरुळाकडे जातात आणि भद्रा मारुतीसाठीं खुलताबादेस थांबतात. मुलांना भूक लागलेली असते, कोणाची चप्पल तुटलेली असते, कोणी झोंपेला आलेलें असतें, आणि आयांची त्रेधा उडालेली असते. त्याच गांवांत, दर्ग्याच्या आवारांत, एका सात वर्षांच्या मुलाला दिल्लीहून येथवर आणणारा बाप निजलेला आहे.